शेवटचे युनिट सर्वांत महाग

दाभोळचे नाव विजेच्या दुनियेत गाजले ते एका प्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प दाभोळात नाहीच. फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरायचे आणि गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला जायचे, तेव्हा तो लागतो. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी राज्य वीज मंडळाने १९९३ साली करार केला, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणेच थांबवले. करारातली ग्यानबाची मेख अशी होती, की वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेपोटी ठरलेली रक्कम भरायचीच. आपल्या लाइट बिलातही ‘स्थिर आकार’ नावाची अशीच एक ओळ असते. दिवा लावा की न लावा, ती सुटत नाही. आपला हात पोचतो तो युनिटांपर्यंत, आणि त्यातली काही युनिटे घरात कोणीच काही वापरत नसताना जातात.

रिमोटने बंद केलेला टीव्ही, भिंतीवर रात्रभर लुकलुकणारा राउटर, घड्याळ दाखवत बसलेला मायक्रोवेव्ह यांचे मिळून महिन्याला किती होतात, हे सांगताना बहुतेक जण एक चूक करतात. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढतात. तो दर इथे लागूच होत नाही.

महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे दर होता आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेवले तरी शंभराच्या आतले युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडले आणि शंभरापुढचे १३ रुपये २९ पैशांना. दर पुढे बदलत राहतात, तेव्हा ताज्या बिलावरचे आकडे घालून हिशेब करावा.

समजा, एका घराचा वापर महिन्याला ११८ युनिटे आहे आणि त्यातली १८ युनिटे नुसती उगाच जातात. स्थिर आकार सोडून बिल होते सुमारे ९२१ रुपये. सरासरीने मोजले तर ती १८ युनिटे १४० रुपयांची वाटतात. पण ती वाचवली तर वापर शंभरावर येतो आणि बिलातून जातात ती वरच्या दराची युनिटे, म्हणजे २३९ रुपये. उलट, ज्या घराचा वापर सत्तर युनिटांचाच आहे तिथे तीच १८ युनिटे १२३ रुपयांची. त्यातही गंमत अशी, की एरवी ऐंशी युनिटांत भागणारे घर गणपतीला मुंबईची माणसे आली की दीडशेवर जाते, आणि वर्षभर तेवढीच वीज खाणारा सेट टॉप बॉक्स त्या महिन्यात दुपटीने महाग पडतो.

मोजायला काही विकत आणावे लागत नाही, मीटर पुरतो. त्याच्या पाटीवर एका युनिटाला किती ठोके ते छापलेले असते. ३२०० हा आकडा पुष्कळ मीटरांवर आढळतो. तेवढ्या वेळा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट झाले. रात्री निजानीज झाल्यावर दिवे आणि पंखे बंद करा, फ्रिजचे बटणही अर्धा तास बंद ठेवा (दार उघडू नका, आतले काही बिघडत नाही). बाकी सगळे रोज जसे सोडून झोपता तसेच राहू द्या. मग मोबाइलवर वेळ लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. ४५ सेकंद लागले तर २५ वॉट, आणि २५ वॉट चोवीस तास, तीस दिवस म्हणजे बरोबर १८ युनिटे. पाटीवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल, तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागावे. पुढे एकेक पिन काढत जा आणि पुन्हा मोजा. चोर कोण ते अर्ध्या तासात कळते.

सगळ्या पिना काढल्या, सगळी बटणे बंद केली आणि तरीही दिवा लुकलुकतोय, असे झाले तर प्रश्न वेगळा. कोकणातल्या पावसाळ्यात भिंती ओलावतात, जुन्या वायरिंगमधून वीज झिरपते. वायरमनला बोलवा, उद्यावर ढकलू नका, कारण यात पैशांपेक्षा शॉकची भीती मोठी. मेन स्विच पाडूनही मीटर चालत असेल तर महावितरणकडे मीटर तपासणीचा अर्ज करावा. मीटरच्या सीलला मात्र कोणीही हात लावू नये.

आता कोण किती खातो. मोबाइलचा रिकामा चार्जर बदनाम आहे, पण तो पाव वॉटही घेत नाही. त्यावरून मुलांना ओरडण्यात अर्थ नाही. नवे एलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर साधारण अर्धा वॉट घेतात. युरोपात ही मर्यादा कायद्यानेच घातली, त्याचा फायदा आपल्याकडे येणाऱ्या मालालाही झाला. खरा खादाड टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स. रिमोटचे लाल बटण दाबले तरी पुष्कळ बॉक्स आठ-दहा वॉट ओढतच राहतात. दहा वॉट म्हणजे महिन्याला ७.२ युनिटे, वरच्या दराने ९६ रुपये. फायबरचा राउटर पाच ते दहा वॉट, डासांचे लिक्विड मशीन पाचेक वॉट. साठवणीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर गरम पाणी गरम ठेवण्यातच दिवसाला अर्धा-पाऊण युनिट जाते. परसातल्या बंबाला हा रोग नाही.

इन्व्हर्टर या यादीत बऱ्याचदा पहिला येतो, कारण बॅटरी भरलेली असली तरी तो पंधरा ते चाळीस वॉट घेत राहतो. तरीही राहत्या घरात तो बंद करा असे मी सांगणार नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यातल्या कित्येक गावांनी दिवसेंदिवस अंधार काढला. इथे इन्व्हर्टर चैनीत मोडत नाही. टीव्ही आणि बॉक्सची पिन काढण्याला मात्र दुहेरी फायदा आहे. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात वीज पडली की पहिला बळी बॉक्सचाच जातो, आणि ते नुकसान वर्षभराच्या बचतीहून मोठे असते.

चाकरमान्यांच्या बंद घरांचा हिशेब निराळा. शिमगा झाला, कुलूप लागले, तर मेन स्विच पाडून जावे. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किलकिले ठेवावे, नाहीतर आत बुरशी धरते. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून, पाणी घालून, वायर सोडवून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या काकांना किंवा भावकीतल्या कोणाला ती चार्ज करायला सांगावी. तशीच पडून राहिली तर बॅटरी मरते, आणि नवी हजारोंची. घरावर कॅमेरे बसवले असतील तर मेन स्विच पाडता येत नाही, आणि चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर मिळून ३५ वॉट सहज जातात. महिन्याला २५ युनिटे, खालच्या दराने सुमारे १७० रुपये. घर राखायला हे जास्त नाही, पण खर्च ठाऊक असावा. मीटर कुलपाच्या आत असेल तर रीडिंग न मिळाल्याने सरासरीचे बिल येत राहते. तो बाहेर काढून घ्यावा, किंवा कोणाकडून फोटो मागवून महावितरणच्या ॲपवर स्वतः रीडिंग द्यावे.

खर्च करायचाच तर आधी प्रत्येक सॉकेटला वेगळे बटण असलेला, आयएसआय खुणेचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. तीन-पाचशे रुपयांत टीव्ही आणि बॉक्स एका हाताने बंद होतात. पिनेत खोचायचा वीजमापक हजाराच्या आसपास मिळतो, पण पाच वॉटच्या खाली त्याच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. आळीतल्या चार घरांनी मिळून एक घ्यावा. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे त्यांनी तो घेऊच नये, पैसे वसूल व्हायला वर्ष जाईल. स्मार्ट प्लगला स्वतःलाच एखादा वॉट लागतो, शिवाय राउटर कायम चालू हवा.

आणि आठवडी बाजारात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत ‘प्लगला लावा, बिल निम्मे करा’ म्हणून जी हिरव्या दिव्याची डबी विकतात, ती घेऊ नका. आत बहुधा एक साधा कपॅसिटर असतो. घरगुती बिल युनिटांवर निघते आणि त्या डबीने एक युनिटही कमी होत नाही.