काकडीचे लोणचे

ताटात लोणच्याची फोड असली, की दोन घास जास्त जातात. आपले लोणचे कैरीचे किंवा लिंबाचे असते. त्यात तेल, तिखट आणि मोहरी असते. अमेरिकेतले एक लोणचे मात्र वेगळे असते. ते कोवळ्या काकडीचे असते. त्यात तेल नसते. काकड्या मिठाच्या पाण्यात किंवा शिरक्यात बुडवतात. वरून लसूण आणि शेपू घालतात. शेपू म्हणजे उर्दूतला सोया.

मिठाच्या पाण्यात काकड्या हळूहळू आंबतात. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात आम्ल तयार करतात. त्यामुळे काकडी सडत नाही. शिरक्यात तर आम्ल आधीच असते. दुकानातून बाटली आणावी, झाकण फिरवावे आणि काकडी खावी! ती दाताखाली कुर्रकन वाजते.

असे लोणचे घरोघरी पोहोचवणाऱ्यांपैकी एक होता हेन्री हाइन्झ. त्याचा जन्म 1844 साली पिट्सबर्ग येथे झाला. लहानपणी तो घरच्या बागेतली भाजी शेजाऱ्यांना विकत असे. 1869 साली त्याने भागीदारीत धंदा सुरू केला. माल स्वच्छ दिसावा म्हणून तो पारदर्शक बाटल्या वापरी.

1875 साली मोठे संकट आले. हाइन्झने शेतकऱ्यांच्या काकड्या ठरलेल्या भावाने घेण्याचा करार केला होता. त्या वर्षी काकडीचे पीक अमाप आले. एवढा माल घ्यायला पैसा पुरेना. अखेर धंद्याचे दिवाळे निघाले. पण हाइन्झने हिंमत सोडली नाही. 1876 साली भाऊ व चुलतभाऊ यांच्यासह त्याने पुन्हा सुरुवात केली. जुने देणे फेडण्याची कायद्याने सक्ती नव्हती. तरीही त्याने ते वहीत लिहून ठेवले आणि पुढे फेडले.

1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. हाइन्झचे दुकान वरच्या मजल्यावर होते. जिने चढून कोणी येईना. तेव्हा त्याने चिठ्ठ्या वाटल्या. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला काकडीच्या आकाराची छोटीशी वस्तू फुकट मिळे. मग काय! दुकानासमोर गर्दी उसळली.

आज पिट्सबर्गमध्ये लोणच्याची जत्रा भरते. ती 2015 साली सुरू झाली. पहिली जत्रा नदीवरच्या पुलावर भरली होती. आकाशात काकडीच्या आकाराचा प्रचंड फुगा तरंगतो. लोणच्याचे आंबट पाणी पिण्याची शर्यत लागते. लोक तोंडे वेडीवाकडी करतात आणि पोट धरून हसतात.

अशा छोट्या काकड्या आता आपल्या देशातही पिकतात. कर्नाटक आणि तमिळनाडूतले शेतकरी करार करून त्या लावतात. त्या परदेशी जातात. दुकानातली बाटली पाहताना त्या शेतकऱ्याची आठवण ठेवावी. त्याला दिलेला शब्द पाळला, तरच लोणच्याला खरी चव येते.

शब्दार्थ
अमाप – खूप, मोजता न येणारे
दिवाळे निघणे – धंदा बुडणे
सक्ती – जबरदस्ती

स्वाध्याय
1. काकडी आम्लात का सडत नाही?
2. हाइन्झचे दिवाळे का निघाले?
3. सक्ती नसताना हाइन्झने देणे फेडले. तुम्ही काय केले असते?