झिजलेल्या तबकडीतला आवाज

मुलांनो, एखाद्या गाण्याच्या एकदोनच तबकड्या उरल्या आणि त्याही झिजलेल्या, तर ते गाणे पुन्हा नीट ऐकता येईल का?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने १९१७ च्या सुमारास 'पॅरामाउंट' नावाने तबकड्या काढायला सुरुवात केली. चार्ली पॅटन, सन हाउस अशा कृष्णवर्णीय गायकांचे 'ब्लूज' संगीत तिने मुद्रित केले. पुढे मंदीत हा धंदा बुडाला. मूळ धातूचे बहुतेक साचे मोडीत गेले. उरल्या त्या लोकांच्या घरातल्या तबकड्या. म्हणून संग्राहक त्या शोधत हिंडले. सन हाउसची १९३० सालची 'क्लार्क्सडेल मोन' ही मुद्रिका कित्येक दशके बेपत्ता होती. ती २००६ साली पुन्हा ऐकायला मिळाली.

या तबकड्या लाख आणि दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाच्या असत. लाख मुख्यतः भारतातून जाई. भुकटीवर घासून पोलादी सुईचे टोक खाचेत नेमके बसे. पण त्याबरोबर खाचही झिजे.

यावर उपाय काय? खाच उतरत्या भिंतींची असते. जुनी सुई भिंतीला ठरावीक उंचीवर टेके, म्हणून तेवढाच पट्टा जास्त झिजतो. आता किंचित रुंद टोकाची सुई घेतली, तर ती त्याच्या वर टेकते. अरुंद घेतली, तर खाली. तिथली भिंत बरीच शाबूत असते, म्हणून खरखर कमी होते.

तुमच्या घरी जुनी तबकडी सापडली, तर ती पोलादी सुईने वाजवू नका. कदाचित तीच शेवटची असेल!