जलगत मायकोबॅक्टेरिया व व्रणचिकित्सा

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत वायू, देश व काल यांसह उदकाची दुष्टीही सांगितली आहे. व्रणचिकित्सकाने उदकाचा विचार आणखी एका अंगाने करणे अगत्याचे आहे.

क्षयाचा जीवाणू शरीराबाहेर वाढत नाही. मात्र त्याच्याच कुळातील चेलोनी, फॉर्च्युइटम, ॲब्सेसस हे माती व पाण्यात वाढतात. मायकोलिक आम्लयुक्त मेणचट भित्तिकेमुळे ते क्लोरीनला सहज दाद देत नाहीत. नळाच्या आतील बुळबुळीत थरात टिकून राहतात व पाण्याबरोबर पसरतात.

आमच्या चिकित्सालयात विद्रधिभेदनानंतर एका रुग्णाचा व्रण दोन महिने स्रवत राहिला. पूयात आम्लस्थायी जीवाणू दिसताच क्षयाची औषधे सुरू होणार होती. संवर्धनात मात्र चेलोनी वाढला. ग्लुटराल्डिहाइडमधून काढलेली शस्त्रे आम्ही नळाच्या पाण्याने धूत होतो. संसर्गाचा मार्ग बहुधा हाच, दोष आमचाच.

म्हणून भेदनादी कर्मांची शस्त्रे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान २० मिनिटे ठेवावीत. नंतर त्यांना नळाच्या पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. न भरणाऱ्या व्रणाच्या पूयाचे संवर्धन अवश्य करावे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जीवाणू सारखेच दिसतात. त्यांची औषधे मात्र भिन्न आहेत.