तळ्यातले मासे आणि त्यांचे पित्त

बोरीच्या बाजारात रोहू आणि कटला शेजारी शेजारी मांडलेले दिसले की मला कोणी ना कोणी विचारतोच, "डॉक्टरसाहेब, यातला अंगाला चांगला कोणता?" जो ताजा असेल तो. कल्ला लाल हवा, डोळा स्वच्छ हवा आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. प्रथिनांच्या बाबतीत दोघांत फारसे डावे-उजवे नाही.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात सुमारे ७३० जातींचे जलचर पाळले जातात, पण जवळपास ६० टक्के उत्पादन अवघ्या १७ जातींचे आहे. आपल्याकडच्या तळ्यांतही गणित तेच. तेथे बहुधा सहा जाती एकत्र सोडतात. कटला आणि चंदेरा वरच्या पाण्यातले खातात, रोहू मधल्या थरातले, मृगळ व सायप्रिनस तळाचे आणि गवत्या नावाप्रमाणे गवत. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही! पहिले तीन, म्हणजे कटला, रोहू व मृगळ आपल्या देशातले, बाकीचे बाहेरून आलेले. मात्र सहाही जण कार्प या एकाच कुळातले आहेत, आणि वाचकांनी ध्यानात ठेवायचे ते हेच.

कारण या कुळातल्या माशांच्या पित्तात विष असते. मधुमेह, दमा, सांधेदुखी यांवर माशाचे पित्त कच्चे गिळण्याचा अघोरी उपाय देशात अनेक ठिकाणी केला जातो. काही तासांतच उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटते, अन्न बाधले. पुढे कावीळ दिसते आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होऊन मूत्रपिंडे बंद पडतात. रोहूच्या पित्ताने असे झालेले रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही व त्यावर उताराही नाही. वेळेवर डायलिसिस मिळाले तर बहुतेकांची मूत्रपिंडे काही आठवड्यांत पूर्ववत होतात. उशीर झाला तर जिवावर बेतते.

मासा साफ करताना पित्ताची हिरवट पिशवी न फोडता काढून फेकावी. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकावा. कोणी पित्त गिळले असेल तर उलटीची वाट न पाहता डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्यावे, आणि काय गिळले ते न लाजता डॉक्टरांना सांगावे.