रायपूरला येते आहेस ना, मग ऐक

अगं, एक दिवस रायपूर आणि मग थेट बस्तर, हा तुझ्या नवऱ्याचा बेत मला मुळीच पसंत नाही. जो तो हेच करतो. स्टेशनवर उतरायचं, गाडी ठरवायची आणि चित्रकोटच्या धबधब्याकडे पळायचं. त्या वाटेवरचं जगदलपूरच इथून तीनशेच्या आसपास किलोमीटर आहे, बाई! सासूबाई आणि पोरं बरोबर असताना एका दमात हे कशाला? त्यापेक्षा रायपूरला तीन दिवस दे. धबधबा कुठे पळून जात नाही.

इथे आलीस की जो भेटेल तो तुला मरीन ड्राइव्हवर नेईल. म्हणजे आमचा तेलीबांधा तलाव. संध्याकाळी दिवे लागतात, पोरं आइस्क्रीम खातात, बरं वाटतं. पण मुंबईचा मरीन ड्राइव्ह बघितलेल्या माणसाने तेवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ घालवू नये. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला जाऊ.

पहिल्या सकाळी मी तुला महंत घासीदास संग्रहालयात नेणार. राजनांदगावच्या राजाने, महंत घासीदासांनी, ते 1875 मध्ये काढलं. देशातल्या जुन्या संग्रहालयांत त्याचं नाव आहे. आत सिरपूरच्या धातूच्या बौद्ध मूर्ती आहेत, त्यांच्यापुढे घाई करू नकोस. बोटं, दागिने, डोळ्यांची घडण, सगळं नीट बघ. ह्या मूर्ती आधी आणि सिरपूर नंतर, हा क्रम मी मुद्दाम सांगते. उलट केलंस तर सिरपूरला नुसत्या विटा दिसतात आणि माणसं परतताना म्हणतात, तिथे काय आहे? फक्त सोमवार टाळ, त्या दिवशी संग्रहालय आणि नव्या रायपूरची जंगल सफारी दोन्ही बंद असतात.

संग्रहालयाच्याच आवारात गढकलेवा आहे, दुपारचं खाणं तिथेच. बचतगटाच्या बायका छत्तीसगढी पदार्थ करून वाढतात. तांदळाचा चिला आणि टोमॅटोची चटणी घे, तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरा घे, गरम चौसेला घे. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी. खुरमी आपल्या शंकरपाळ्यांसारखी लागते, फक्त गुळाची, पोरांना आवडेल. ठेठरी बेसनाची, खारी. ती बांधून घे, प्रवासात टिकते. सासूबाईंचे दात लक्षात ठेव मात्र.

ऊन उतरलं की जुनी वस्ती. बूढा तलावाच्या मधोमध विवेकानंदांचा मोठा पुतळा आहे. 1877 ते 79 च्या सुमारास, विवेकानंद म्हणजे तेव्हाचे नरेंद्र पोरसवदा असताना, त्यांचं कुटुंब रायपुरात राहत होतं. जवळच बूढापाऱ्यात माधवराव सप्रे शाळा आहे. सप्रे म्हणजे घरी मराठी बोलणारा माणूस! 1900 मध्ये पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केलं, टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेला आणि 1926 मध्ये रायपुरातच गेले. हिंदीवाले त्यांना डोक्यावर घेतात, आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक असेल? पुढे दूधाधारी मठ. रामाचं देऊळ आहे, आत मराठा वळणाची चित्रं आहेत. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथे 1854 पर्यंत होतं, त्याची ही खूण. सासूबाईंना तिथे बसू दे निवांत.

परतताना जयस्तंभ चौकात पोरांना गाडीतून उतरव. तिथे त्यांना सांग सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांची गोष्ट. 1856 च्या दुष्काळात त्यांनी सावकाराचं कोठार फोडून धान्य लोकांना वाटलं. 10 डिसेंबर 1857 ला त्यांना इथे रायपुरात फाशी दिलं. नव्या रायपूरच्या क्रिकेट स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. ते नाव कुणाचं, हे पोरांना आधी कळलेलं बरं.

दुसरा दिवस अख्खा सिरपूरचा. ऐंशी किलोमीटर आहे, सकाळी सातला निघू. वाटेत आरंगला भांड देऊळ लागतं, जैन मंदिर आहे, अर्धा तास थांबू. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, विटांचं. राणी वासटा हिने नवऱ्याच्या, हर्षगुप्ताच्या आठवणीत ते बांधवलं. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन तेव्हा राज्य करत होता. नाव लक्ष्मणाचं, पण देऊळ विष्णूचं. विटांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन बघ, लांबून फोटो काढून परतू नकोस. बायकांनी नवऱ्यासाठी मंदिर बांधल्याच्या गोष्टी कमीच ऐकू येतात, म्हणून मला ही राणी आवडते. तिथून आनंदप्रभ कुटी विहार. 1950 च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं. सुरंग टीला हे देऊळ चढायला उंच आहे, तिथे सासूबाईंना खाली सावलीत बसव, मी सोबत बसते.

सासूबाईंचा हट्ट राजीम आणि चंपारणचा असणार, मला माहीत आहे. राजीव लोचनाचं देऊळ, महानदी-पैरी-सोंढूरचा संगम, वल्लभाचार्यांचं जन्मस्थान, सगळं खरं. पण ते सिरपूरच्या दिवशी कोंबू नकोस, दिशा वेगळी आहे. त्यांना तेच हवं असेल तर तिसरा दिवस सरळ त्यांना दे आणि पोरांना समजाव. माघी पौर्णिमा ते महाशिवरात्र राजीमला जत्रा असते, गर्दी नको असेल तर ते दिवस सोड.

नाहीतर तिसरा दिवस पोरांचा: नव्या रायपूरला जंगल सफारी आणि पुरखौती मुक्तांगण. नवं रायपूर मला स्वतःला फार रुक्ष वाटतं, रुंद रस्ते आणि माणूस दिसत नाही. पण मुक्तांगणात बस्तरचं घर, देवगुडी म्हणजे गावदेवाचं ठाणं, पुतळे असं मांडून ठेवलंय की पुढे खरं बस्तर बघताना पोरं तुला प्रश्न विचारतील, मोबाइल नाही मागणार.

खरेदीचं एकच सांगते. कोसा साडी पंडरीत बघ, पण घेण्याआधी पदराचा एक धागा काढून जाळून दाखवायला सांग. जळल्या केसांसारखा वास आला तर रेशीम. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि ढोकऱ्याची, म्हणजे ओतीव धातूची, मूर्ती घ्यायची तर शबरी एम्पोरियममध्ये भाव बघून ठेव, मग बस्तरच्या वाटेवर कोंडागावला कारागिराकडून घे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलीच तारीख धर, एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पडवत नाही. नागपूरहून दुपारची वंदे भारत धर, संध्याकाळी पोचतेस. चादरी-बिदरी काही आणू नकोस, घरात भरपूर आहेत. चकलीची भाजणी मात्र आण, इथे मनासारखी मिळत नाही.