करवतीखाली आलेला खिळा



जुन्या लाकडात खिळा असणारच, असे धरून करवत उचलावी. पाडलेल्या वाड्याचे सागवानी वासे, खोक्यांच्या फळ्या, दाराच्या चौकटी यांत डोके गंजून झडलेले खिळे वरून दिसतही नाहीत. रस्त्याकडेच्या झाडाचा ओंडका त्याहून फसवा. पाटीसाठी ठोकलेल्या खिळ्यावर वर्षागणिक नवे लाकूड चढते, तो आत गाडला जातो. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, म्हणून खिळा ठोकला त्याच उंचीवर राहतो. बुंध्याकडचा, माणसाचा हात पोचेल तेवढा भाग संशयाचा.

करवतीचे पोलाद खिळ्याच्या लोखंडापेक्षा कठीण असते. तरी दात जातात, ते त्यांच्यातल्या अंतरामुळे. इंचाला 7 दात असतील तर दोन दातांत साडेतीन मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर पडते. 3 मिलिमीटर जाडीचा खिळा त्या खाचेत सहज उतरतो आणि हाताचा सगळा जोर एकट्या दाताच्या टोकावर येतो. हॅकसॉच्या इंचाला 24 दातांच्या पात्यात हेच अंतर जेमतेम 1 मिलिमीटर; तिथे दोन-तीन दात मिळून भार घेतात. यंत्राच्या गोल पात्यावर झाळून बसवलेले कार्बाइडचे तुकडे कठीण खरे, पण ठिसूळ. ते उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

कापण्याआधी रेघेच्या दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे. लाकडावरचा निळसर काळा डागही खूण देतो. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने तो उठतो. पितळी स्क्रू मात्र चुंबकाला दाद देत नाही. तेथे नजर आणि बोटच कामाला येते.

कापताना आवाज करकरीत झाला, करवत घसरू लागली किंवा भुशात चकाकी दिसली, की हात तिथेच थांबावा. आणखी जोर लावून पार करू पाहणे हा नवशिक्याचा खास हट्ट; त्यात उरलेले दातही जातात. खिळा जंबुराने उपटावा, मागून पंचने ठोकून काढावा, नाहीतर तेवढा भाग हॅकसॉच्या पात्याने कापून पुन्हा करवत लावावी.

बोथट दातांवर आधी सपाट कानस आडवी फिरवून टोके एका पातळीत आणतात, मग दात आलटूनपालटून दोन्हीकडे किंचित वाकवतात आणि शेवटी तिधारी कानशीने प्रत्येक खाच घासतात. एखाददुसरा तुटका दात तसाच सोडला तरी चालतो. खिळा एकाच बाजूला घासला असेल, तर करवत धार शाबूत असलेल्या बाजूकडे ओढते आणि रेघ सुटते. ही खोड मात्र लगेच काढावी. दातांची टोके निळीकाळी दिसणाऱ्या, कारखान्यातच कडक केलेल्या दातांच्या करवतीवर कानस नुसती घसरते. तिला पुन्हा धार लागत नाही. ती जुन्या लाकडाच्या कामासाठीच वेगळी ठेवावी.

— मामा