सरपणाचा आडोसा

‘कुंपण’ आणि ‘आडोसा’ यांत फरक आहे. कुंपण हद्द दाखवते, आडोसा नजर अडवतो. जाळीच्या कुंपणातून पलीकडचे सारे दिसते. म्हणून इथे मिशिगनमध्ये काही जण मागच्या अंगणात सरपण, म्हणजे जाळायचे लाकूड, रचून आडोसा करतात.

रीत अशी : आधी जमिनीवर दोन लांब लाकडे आडवी टाकावीत, म्हणजे सरपणाला ओल लागत नाही. दोन्ही टोकांना खांब रोवावेत. फोडलेले ओंडके ४ फुटांपर्यंतच रचावेत. फार उंच रास ढासळू शकते. खुर्चीत बसलेल्या माणसाला एवढा आडोसा पुरतो. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. ओले लाकूड वाळायला सहा महिने ते वर्ष लागते. वाळवी आणि आग यांच्या भीतीने रास घराच्या भिंतीला टेकवू नये. तिच्यावर चढूही नये!

लाकूड जवळपासचेच घ्यावे. ॲशची झाडे पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. सालीखालच्या त्याच्या अळ्या सरपणाबरोबर दूरवर पोचल्या आणि कोट्यवधी झाडे मेली.

हिवाळ्यात सरपण जळते, तसा आडोसाही बुटका होतो. म्हणून दोन रांगा रचाव्यात : एक यंदा जाळायला, दुसरी पुढच्या वर्षासाठी.

स्वाध्याय
१. रासेच्या बाजू मोकळ्या का ठेवाव्यात?
२. वाक्यात उपयोग करा : आडोसा, रास, ओल.
३. तुमच्या घराला कुंपण आहे की आडोसा? पाच वाक्ये लिहा.